म्वातिमाचं 'बाडो'

म्वातिमाने उभ्या आयुष्यात कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं. पाजे गावच्या किनाऱ्यावर तसं म्हणतच नाहीत. 'नाही'ला 'हपाना' हा शब्द आहे, पण तो कोंबडीवर झडप घालणाऱ्या मांजराला. माणसाला म्हणायचं 'बाडो', म्हणजे 'अजून नाही'. जेवलीस? बाडो. मूलबाळ? बाडो. तिचा नवरा होडी घेऊन गेला त्याला कितीतरी पावसाळे उलटले, तरी कुणी विचारलं, "आला का गं?" की ती म्हणायची, "बाडो." विचारणारा मान हलवून पुढे जायचा.

पूर्वी ती ओहोटीला उथळ पाण्यात समुद्री शेवाळ लावायची. शेवाळ सडायला लागलं तशी पतंग धरायला लागली. पतंग म्हणजे माणसाला फळीवर उभं करून लाटांवरून ओढत नेणारे अवाढव्य पतंग. पतंगवाला कमरेला पट्टा बांधून दोऱ्यांच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकाला पतंग उभा धरून म्वातिमा. त्याने अंगठा वर केला की हिने सोडायचा. हे सगळं तिला धाकट्या भावाने, शामेने शिकवलं. आणि शामेला आई गेल्यावर तिनेच वाढवलेलं.

वारं पालटायचे दिवस होते. किनाऱ्याला घासून जाणारं उत्तरेचं वारं मेलं होतं. त्या दुपारी सरळ समुद्रातून आलं, धक्के देत. भरतीने वाळू गिळून चिंचोळी पट्टी ठेवली होती. पट्टीमागे दगडी भिंत, भिंतीमागे माड, आणि माडांच्या साऱ्या झावळ्या गावाकडे ताणलेल्या. कावळे कुठेच दिसत नव्हते.

भिंतीवर मात्र हशा चालला होता. शामेची होणारी बायको राया, तिची आई आणि मामा वुआई आल्याच्या कॉफीचा थर्मास घेऊन जावयाची करामत बघायला बसले होते.

"ताई, धर. इथूनच उडवतो," शामे म्हणाला.

म्वातिमाने भिंतीकडे पाहिलं. "बाडो."

"वारं तर झकास आहे."

"तिकडे शेवटच्या घरापलीकडे मैदान मोकळं आहे. मागे काही नाही."

"तिथून यांना काय दिसणार, माझी पाठ?"

वुआई मामा वरून ओरडला, "काय रे, बहिणीची परवानगी लागते? मग लग्नानंतर आमच्या रायाने कुणाला विचारायचं?"

राया पदराआड हसली. शामेचे कान तापले. म्वातिमाच्या जिभेवर शब्द आला होता, पण होणाऱ्या विहिणीसमोर भावाला 'हपाना' म्हणायचं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारण्यासारखंच.

"बाडो, शामे," ती हळूच म्हणाली.

"बरं. थांबतो थोडा." तो भिंतीपाशी गेला, रायाच्या आईने दिलेली कॉफी उभ्यानेच प्यायला.

म्वातिमा ते बघत राहिली. नवराही असाच थांबला होता. होडी पाण्यात ढकलायच्या आधी त्याने विचारलं होतं, "निघू ना?" ती म्हणाली होती, "बाडो." "बरं," म्हणून त्याने उभ्यानेच एक पेला कॉफी घेतली. पेला धुऊन पालथा ठेवला. आणि निघाला.

शामेने कप ठेवला. "झालं की आता, ताई?"

"बाडो."

"तुझं बाडो कयामतीपर्यंत चालेल. मामा, या, तुम्हीच धरा. सोपं आहे. मी अंगठा दाखवला की सोडायचा."

"एवढंच? मी तर बैल धरलेत," मामा उडी मारून खाली आला.

पतंग उभा राहिला, फडफडला, फुगला. शामेने रायाकडे पाहून अंगठा वर केला. त्याच क्षणी पाण्यावरून वाऱ्याच्या झोताची काळपट सुरकुती पळत आली.

"हपाना!"

आवाज कुणाचा ते आधी कुणाला कळलंच नाही. मामाने पतंग सोडला होता. शामेचे पाय वाळूवरून सुटले. पण बहिणीच्या तोंडचा तो शब्द त्याने जन्मात ऐकला नव्हता, आणि डोक्याच्या आधी हात हलला. पट्ट्यावरची, पतंगाची ओढ तोडणारी लाल कळ त्याने ढकलली. दोऱ्यांतला जीव गेला. तो खांद्यावर आपटला, घरंगळला आणि भिंतीपासून हातभर अंतरावर थांबला. पतंग माडात जाऊन टरकन फाटला.

भिंतीवर थर्मास आडवा झाला होता. कॉफी दगडांवरून ओघळत होती. खाली पडलेला कप उचलायला कुणी उठलं नाही.

"आधी का नाही सांगितलंस?" शामेला धाप लागली होती. खांदा भलत्याच जागी उतरला होता.

"सांगत होते."

"तू बाडो म्हणत होतीस."

म्वातिमा त्याच्याजवळ वाळूत बसली. माडांच्या झावळ्या अजून गावाकडेच ताणलेल्या होत्या. "त्यालाही तेच म्हटलं होतं," ती म्हणाली.

शामेने डोळे मिटले. मग त्याने विचारलं, "ताई, भाऊजी येतील असं वाटतं तुला?"

तिने समुद्राकडे पाहिलं.

"हपाना," ती म्हणाली.