सांगता येत नाही म्हननारी म्याडम

‘सांगता येत नाही, बाई.’

त्या म्याडमले कायबी इचारा, हेच म्हने. मान जराशी वाकडी करे, चष्मा ओढनीनं पुसे, अन म्हने, ‘सांगता येत नाही, बाई.’ आमी बाया तिच्या मांगं नक्कल करो. पऱ्हाटी वेचता वेचता एकीनं इचारावं, ‘बाजारात वांगे काय भाव असन वं आज?’ का दुसरीनं मान वाकडी करावी. हसून हसून ओटीतला कापूस सांडे.

आमचं गाव घाटंजीच्या पल्याड. गावावरून मोठ्या लाइनीच्या तारा गेल्या हायत. तसे लोखंडी मनोरे तुमी बी पाह्यले असन. त्याईच्याखाली आमचे बौद्धपुऱ्यातले घरं. पानी आलं का तारा गुनगुनतात, माशा भनभनल्यावानी. म्याडम नागपूरहून आलती ते या तारांपायीच. तारेतून डोयाले न दिसनारं काय निंगते, त्याच्यानं मानसाले कॅन्सर होते का, हे तिले पाहाचं होतं. कॅन्सर आंगात सुरूच कसा होते, तेच तिचं शिक्षन होतं म्हने.

ते सालं कापसाचे खराब होते. अन जो ये तो पक्कं बोले. बियानंवाला म्हने, या पाकिटाले अळी लागतच नाही. औषिधवाला म्हने, एक फवारा मारा अन खुशाल झोपा. पुढारी म्हने, औंदा भाव भेटनच. अळी लागली, भाव नाही भेटला, अन फवाऱ्यानं पोट्टे चक्कर येऊन धुऱ्यावर पडले. त्यात हे एवढी शिकलेली बाई म्हने, सांगता येत नाही.

आमच्या शेजारची काशीमाय तिच्या तोंडावर म्हने, ‘इतकं शिकून काईच माहीत नाही बाप्पा तुले.’

‘म्हणून तर आले, आजी,’ म्याडम म्हने.

एका गोष्टीचं मात्र तिले सांगता ये. काशीमायच्या गालात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. एक दिस तिनं तारेकडं बोट करून इचारलं, ‘माह्या तोंडात छाला आला, हे याच्यानंच काय?’ म्याडमनं तिच्या फुगलेल्या गालाले बोट लावलं. ‘तारेचं सांगता येत नाही, आजी. ह्याचं येतं. थुंका.’ काशीमाय गुमान थुकली. म्याडमची जीप वळनाआड गेली का दुसरा काढला.

मंग म्याडमनं डब्या आनल्या. काड्यापेटीहून थोड्या मोठ्या, काया रंगाच्या, पट्टा लावलेल्या. काही आमाले देल्या तारेखालच्या बायाईले, काही गावाच्या दुसऱ्या आंगाच्या बायाईले. दिसभर कमरेले बांधाची, वावरात बी अन चुलीपाशी बी. कोनाच्या आंगावर तारेचं किती येते ते डबी मोजन. ‘जिची तिनेच घालायची, दुसरीला द्यायची नाही,’ हे तिनं एकेकीचा हात धरून सांगतलं. पुढं ओटी अन बाजूनं डबी, अशा आमी वेचाले जाओ. माहा देर म्हने, ‘पोलिसाईन होऊन गेल्या बाप्पा.’

त्याच टायमाले माही धाकली जाऊ शेवंता, या देराचीच बायको, दुखन्यात होती. तिच्या छातीत गाठ होती. न्हानीत तिची पाठ घासून देताना माह्या हाताले लागली. मी काई बोलाच्या आंधी तिनं माह्या तोंडावर हात ठेवला. नवऱ्याले सांगाचं नाही, दवाखान्याचं नाव काढाचं नाही. गावातले दोघं कॅन्सरसाठी नागपूरले गेलते, ते माघारी आले नव्हते. तेच तिच्या डोक्यात बसलं होतं. गाठ वाढून राह्यलती. हात वर होये ना, वेचाले येनं सुटलं. बायाईपासून म्या किती दिस लपवाचं? बायाईले समजलं.

काशीमाय म्हने, ‘डब्या लावू ना तिले. तिची बिमारी वढून घेतीन.’

मी म्हनलं, ‘माय, डबी नुसती मोजते म्हने.’

‘वढल्याबिगर मोजन कशी? तुहा कापूस तुह्या ओटीतच असन तर व्यापारी मोजते काय? काट्यावर घेतल्यावरच मोजते ना?’

हे आमाले पटलं. आमी जलमभर कापूस मोजून देल्ला होता, आमाले मोजनं म्हंजे तेच माहीत. वेचाले जातानी एकेकीनं आपली डबी शेवंतापाशी ठेवली. गावाच्या दुसऱ्या आंगाच्या बाया बी आल्या. ज्या कधी आमच्या चुलीपाशी बसल्या नाही, त्याईनं बी डब्या आनून तिच्या आंगाले बांधल्या. संध्याकाई आपापली डबी घेऊन जात, सकाऊन पुन्हा आनत.

अन एक दिस दुपारचीच म्याडम आली, न सांगता. मी शेवंताले पेज पाजून राह्यलती, काशीमाय तिचे पाय चेपून राह्यलती. म्याडमनं दारातून पाह्यलं. शेवंता खाटीवर, कमरेले डब्या, छातीवर डब्या, हाताले डब्या.

‘हे काय?’

 काशीमायनं तिले काट्याचं सांगतलं. म्याडम चौकटीतच खाली बसली. तोंडावर हात ठेवला. हसते का रडते आमाले समजे ना. साऱ्या डब्याईनं एकट्या शेवंताचंच मोजलं होतं, म्याडमचं सारं काम पान्यात गेलतं. पन ते त्यावक्ती बोलली नाही. तेवढंच म्हने, ‘ही काही ओढत नाही, आजी. खरंच नुसती मोजते.’

शेवंता म्हने, ‘मंग मोजून कोनाचं काय भलं होते?’

 म्याडम उठली, तिच्या उशापाशी गेली अन एकेक डबी सोडून खाली ठेवली. मंग तिनं गाठ पाह्यली. बराच वखत पाह्यली. हात धुतले.

‘हे दवाखान्यात दाखवायलाच पाहिजे. उद्याच.’

‘बरी होईन काय मी?’

‘सांगता येत नाही, बाई.’ मंग ते खाटीवर बसली. ‘पण इथे पडून राहिलीस तर बरी होणार नाहीस. हे सांगता येतं.’

संध्याकाई देराले सांगा लागलं. तो भितीले टेकून बसला. मंग म्हने, ‘वेचाई होऊन जाऊ दे, मंग पाहू.’

शेवंता उठून बसली. ‘खर्र्याचं सोडलं तर हे बाई आजवर एक गोष्ट पक्की नाही बोलली. आज बोलली. मी जातो.’

दुसऱ्या दिशी म्याडम तिले जीपमधी घेऊन गेली, मी बी गेलती. रस्त्यानं शेवंतानं इचारलं, ‘म्याडम, मले हे तारेनंच झालं काय?’ आता तरी ते हो म्हनन असं मले वाटलं. हो म्हनली असती तर राग कोनावर धराचा ते तरी समजलं असतं. म्याडमनं सदाचीच मान वाकडी केली अन शेवंताचा हात आपल्या मांडीवर घेतला. नागपूर येईस्तोर सोडला नाही.

शेवंताच्या छातीची एक बाजू कापली. केस गेले, पुन्हा आले. डब्या न्याले नुसता जीपवाला आला. तो म्हने, म्याडमचा सायेब तिच्यावर लय तापला, तुमचं गाव कामातून काढून टाकलं. म्याडम पुन्हा आली नाही.

दुसऱ्या साली शेवंता वेचाले आली. पयल्या वेचनीचा कापूस तिनं घरी ठेवला, हातानं सरकी काढली, धुतलेल्या लुगड्याची खोय शिवली अन म्याडमसाठी उशी भरली. नागपूरले तपासाले गेली तवा बगलेत घेऊन गेली. दवाखान्यात म्याडमचा पत्ता इचारला, तर तठल्या मानसानं इचारलं, ‘नाव काय त्या म्याडमचं?’ शेवंता उभीच राह्यली. आमी कोनी तिले नाव इचारलंच नव्हतं.

उशी माघारी आली. उन्हाया लागला का शेवंता ते आंगनात खाटीवर टाकते. एखादं नातवंड डोकं टेकाले गेलं का म्हनते, ‘उठ, पाहुनीची हाय.’ मंग चांगल्या हातानं थापटून थापटून कापूस मोकया करते, अन सावली आली का घरात नेऊन ठेवते.