पाठमोरी अक्का

"हलवू नको. लोळव."

इन्सुलिनची बाटली हातात घेतली की अक्का हे म्हणायचीच, समोर कुणी ऐकणारं असो वा नसो. मग ती डोळे मिटायची, बाटली दोन तळव्यांत धरायची आणि दिव्याची वात वळावी तशी सावकाश वळत बसायची. तळाला बसलेला पांढरा गाळ वर यायचा आणि बाटलीभर दूध झाल्यासारखं दिसायचं. "झोपल्याला हळू उठवावं लागतंय. गदागदा हलवलीस तर फेस धरतंय अन् माप चुकतंय," ती सांगायची.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जी कामाशी बोलत काम करते. अक्का दळताना जात्याशी बोलायची, निवडताना तुरीशी, आणि सकाळी औषधाशी. मी तिच्याकडे जायला लागले ती त्या औषधापायीच.

कमलनगर तेव्हा औराद तालुक्यातलं एक गाव होतं. माझा नवरा रेल्वेच्या गँगमध्ये होता आणि त्याची तिथं बदली झालेली. आमचं गाव कृष्णाकाठचं. माझी शाळा पाचवीतच सुटलेली. कानडी येत नव्हतं, आणि तिथलं मराठी कळायलाही वेळ लागला. "कामून रडायलीस?" असं कुणी विचारलं, की 'कामून' म्हणजे 'का' हे ध्यानात येईपर्यंत माझं रडणं थांबलेलं असायचं.

त्यातच मी वाळायला लागले. तहान अशी की घागर जवळ घेऊन बसायचे. लुगड्याच्या निऱ्या रोज जास्त पडायला लागल्या. बिदरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "रोज सकाळी सुई घ्यायची. जन्मभर." नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी दाराकडे. घरी आल्यावर त्यानं सुई धरून पाहिली. रुळावर घण घालणारा त्याचा हात, पण माझ्या मांडीजवळ आला की मागं फिरायचा. माझा स्वतःचा तर सुई बघूनच गार पडायचा. मी मरणार, आणि माहेरपासून इतक्या लांब मरणार, एवढंच डोक्यात फिरायचं.

गँगमधल्याच कुणीतरी सांगितलं, रुळापलीकडच्या वस्तीत एक अक्का आहे, ती रोज स्वतःला सुई टोचून घेते. दुसऱ्या दिवशी नवरा मला तिच्या दारात सोडून कामावर गेला.

अक्कानं मला वरून खाली बघितलं. "एवढीशी वाळकी शेंग, हिला कुठं टोचू?" ती म्हणाली. मी रडायला लागले. "रड. रडून घे. तवर पाणी उकळंल."

काचेची नळी, तिचा दट्ट्या आणि सुई, सगळं ती एका पातेलीत उकळायची. इन्सुलिनची बाटली कोपऱ्यातल्या गाडग्यात, ओल्या वाळूत पुरलेली. फ्रीज म्हणजे काय ते आम्ही दोघींनीही बघितलं नव्हतं. त्या दिवशी तिनं मांडीवर चिमटा धरला, काहीतरी विचारलं, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर सुई आत जाऊन बाहेरही आली होती.

अक्काचं घर बौद्धांचं. तिच्या लहानपणी ते महार होते, ती न्हातीधुती झाल्यावर वस्तीनं दीक्षा घेतली. आमच्या क्वार्टरमधल्या एका बाईनं मला नळावर अडवून विचारलं, "तिच्या हातची सुई घ्यायलीस व्हय ग?" मी घाबरट. घागर उचलून निघाले आणि अक्काला येऊन सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती पातेलीतली सुई चिमट्यानं उचलत म्हणाली, "त्या बाईला सांग, मी न्हाई उकळलेली, पर सुई उकळलेली हाय." आणि स्वतःच इतकी हसली, की सुई परत पाण्यात पडली.

माझ्या लक्षात यायला थोडे दिवस गेले. अक्का औषध ओढायची तेव्हा नळी उजेडाकडे धरायची, लांब करायची, जवळ आणायची, तिरकी करायची. तिच्या डोळ्यांत धुकं उतरायला लागलं होतं. त्याच आजारानं. नळीवरच्या रेघा तिला दिसत नव्हत्या आणि ती अंदाजानं माप घेत होती. मी भीत भीत म्हणाले, "अक्का, रेघ मी सांगू का?"

तिनं नळी माझ्यासमोर धरली. मग म्हणाली, "सांग. डोळे तुझे, हात माझे. दोघी मिळून एक बाई तरी व्हावी."

तिथून पुढे आमचं तसंच चाललं. तिनं नळी धरायची आणि विचारायचं, "कुठवर आलं?" मी म्हणायचं, "जरा खाली, अजून जरा, बास, टेकलं." बुडबुडा असला तर मी सांगायचं, तिनं नखानं टिचकी मारायची. आधी मला टोचायची, मग स्वतःला. मी शिकावं म्हणून ती मागं लागायची, "मी काय जन्माला पुरणार हाय?" आणि मी काहीतरी निमित्त काढायचे. खरं सांगायचं तर मला शिकायचंच नव्हतं. माझ्या आईनंतर माझ्या अंगाला इतक्या काळजीनं कुणी हात लावला नव्हता.

साखर उतरते तेव्हा काय करायचं, तेही तिनंच शिकवलं. माझ्या पदराला गुळाच्या खड्याची गाठ तिनं स्वतः मारून दिली. "हात कापायला लागले, घाम सुटला, की इचार करत बसू नको. तोंडात टाक. इचार गोड झाल्यावर कर."

आणि एवढं शिकवणारी ती, स्वतः चुकली ती पौर्णिमेला.

वस्तीत पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास पाळायचे. दुपारी सगळे विहारात जमायचे, एक म्हातारे अण्णा ग्रंथ वाचायचे. पौर्णिमेला म्हातारी माणसं पांढरे कपडे घालून अष्टशील घ्यायची. अष्टशील घेतलं की दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्न नाही. त्या वर्षी अक्कानंही घेतलं. सकाळी आम्ही दोघींनी सुया घेतल्या, नेहमीच्याच मापाच्या. बारा वाजायच्या आत ती भाकरी खाऊन बसली. पोट रिकामं राहणार तर औषधही कमी घ्यावं, हे ना तिला सुचलं, ना मला. आमचं दोघींचं सगळं ध्यान रेघेवर, आणि रेघ बरोबर होती.

तिसऱ्या प्रहरी मी विहारात गेले. बायका ओळीनं बसलेल्या, अण्णांचं वाचन चाललेलं. अक्का भिंतीला टेकून, डोळे मिटून, अगदी ताठ. मी जवळ सरकले तशी एक बाई कुजबुजली, "हात लावू नको. ध्यान लागलंय अक्काला. किती शांत बसलीया बघ."

बाहेर आभाळ भरलेलं, वारं गार. आणि अक्काच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. पांढऱ्या लुगड्याची पाठ भिजून अंगाला चिकटलेली. खालचा ओठ बारीक हलत होता. मी हाक मारली. पापणीसुद्धा लवली नाही. मला माझ्या पदराची गाठ सुटेना, दातानं तोडली. गूळ बोटांनी चुरून तिच्या गालाच्या आत चोळत राहिले. बायका ओरडायला लागल्या, "अग, शील हाय तिचं! काय करायलीस!" अण्णांनी वाचन थांबवलं. मी रडत होते आणि चोळत होते.

बऱ्याच वेळानं अक्कानं गिळलं. मग डोळे उघडले. मला ओळखायला तिला वेळ लागला. ओळखलं आणि म्हणाली, "कामून मोडलीस ग माझं शील?"

अण्णा म्हणाले, "मोडलं न्हाई अक्का. आजाऱ्याला औषध चालतंय. तुझं औषधच हाय ते."

"औषध कडू असतंय अण्णा," ती पुटपुटली. "हे तर गोड लागायलंय." तेव्हा कुठं बायका हसल्या.

आमच्या क्वार्टरकडे जाताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. रूळ ओलांडताना थांबली. "माझी माय दिसत होती मला," ती म्हणाली. "जाऊन किती वर्षं झाली तिला. कोपऱ्यात बसून तूर पाखडायली होती. पाठमोरी. हाका मारून मारून दमले, पर तोंड न्हाई दाखवली ती."

"मग?"

"मग काय? तू ओढून आणलीस." जरा चालल्यावर म्हणाली, "ती वळली असती ना ग, तर मी काय आले नसते परत."

मी खांद्यावरचा तिचा हात धरला. ती मात्र चटकन म्हणाली, "चल, आता भाकरी बी दे. औषध म्हणून."

पुढं तिचे डोळे गेलेच. मग पायाला एक फोड आला, तो बरा होईना. मुलगा औरादला मास्तर होता, तो येऊन तिला बिदरच्या दवाखान्यात घेऊन गेला. मी दुसऱ्याच दिवशी भेटायला गेले तेव्हा पाय गुडघ्याखाली काढलेला होता. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. माझ्या पावलांवरून तिनं मला ओळखलं.

"आज कोण टोचलं तुला?"

"नर्सबाईंनी. इथंच."

"अन् उद्या?"

मी पलंगाची चादर सारखी करायला लागले. तिनं नर्सबाईंना हाक मारून सांगितलं, माझी सुई आज ही देणार. त्या नको म्हणत होत्या, अक्का ऐकेना. शेवटी त्या शेजारी उभ्या राहिल्या आणि माझ्या हातात नळी आली. डोळे माझे आणि हातही माझेच. मी तिच्या दंडाला चिमटा धरला, आणि माझ्या तोंडून हुंदका आला त्याच वेळी सुई आत गेली.

"आई ग! बैल टोचायलीस का माणूस?" अक्का ओरडली. सगळी खोली हसली. मग तिनं चाचपडत माझा हात शोधला आणि धरून ठेवला. "झालं बघ. आता तुला कुणाची गरज न्हाई."

मला गरज होती. पण गाडीची वेळ झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी स्वतःला सुई दिली. तो महिना संपायच्या आत अक्का गेल्याचा निरोप आला.

त्यानंतर कितीतरी वर्षं सरली. नवरा निवृत्त झाला, वारला. आता मी मुलाकडे कलबुर्गीला असते. आणि सांगायचं ते हे, की अक्का येत राहिली. माझी साखर फार उतरली की डोळ्यांपुढची भिंत आधी पिवळी होते, मग कोपऱ्यात ती बसलेली दिसते. पाठमोरी. सुपात तूर, खांदे हलतायत, दाण्यांचा आवाज स्पष्ट. मी कधी हाक मारली नाही. तोंडात गूळ टाकला की आधी आवाज जातो, मग ती. कुणाला वेड वाटेल, पण इतक्या लांबच्या मुलखात माझं म्हणून भेटायला येणारं तेवढंच माणूस होतं. म्हणून गूळ हातात धरून मी कधी कधी जरा थांबायचे.

एकदा जास्तच थांबले. सून भाजी घेऊन आली तेव्हा मी फरशीवर पडलेली होते. मुलगा त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात लहान मुलासारखा रडला. त्यानं मग हे यंत्र आणलं. काड्यापेटीपेक्षा जरासं मोठं, कमरेला अडकवायचं. त्यातून एक बारीक नळी पोटात जाते आणि दिवसभर थेंब थेंब औषध सोडते. दंडावर एक बिल्ला चिकटवलाय, तो साखरेवर नजर ठेवतो. पहिले काही दिवस नळी दाराच्या कडीत अडकायची, कुशीवर वळायची भीती वाटायची, अंघोळीला यंत्र काढलं की उघडं पडल्यासारखं व्हायचं. आता सवय झाली. सुई नाही, रेघ नाही, वळायला बाटली नाही. मुलाचे उपकार फिटायचे नाहीत. मी जगावं म्हणून त्यानं केलं, आणि मला जगायचंच आहे.

पण हे यंत्र फार लवकर ओरडतं. हात कापायच्या आधी, घाम यायच्या आधी, भिंत पिवळी व्हायच्या आधी. टीं टीं करत राहतं आणि घरातून कुणीतरी धावत येतं.

परवा दुपारीही ओरडलं. सून खाली गेली होती, नात अभ्यास करत होती. "आजी, गूळ!" ती तिथूनच म्हणाली. मी खडा हातात घेतला आणि कोपऱ्याकडे बघितलं. भिंत पांढरीच होती. तिथं नातीची सायकल टेकवून ठेवलेली, हँडलला तिची पाण्याची बाटली लटकत होती. मी कान देऊन ऐकलं. यंत्राचा आवाज तेवढा येत होता.

"आजी, खाल्लास का?"

"खाते ग," मी म्हणाले, आणि खाल्ला.