वडनेरच्या लाइनीला लावलेले तीस सेकंद

तीस हा आकडा मी चहा उतू जाताना लिहिला. एका हाताने लिहिला. दुसरा हात गॅसकडे निघालेला होता. चहा वाचला. आकडा तसाच राहिला, आणि त्याने पुढे माझ्या सासरी जो गोंधळ घातला, त्यापेक्षा ओटाभर चहा सांडलेला परवडला असता.

आधी माझा धंदा सांगतो, कारण देऊळगाव राजात तो सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही आणि सांगितल्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मी घरी बसून प्रोग्राम लिहितो. अख्खा प्रोग्रामही नाही. दुसऱ्या प्रोग्रामरांनी आपल्या प्रोग्रामात बसवून घ्यावा असा एक तयार भाग. सायकलवाला चाक स्वतः घडवत नाही, तयार आणून बसवतो, तसं. माझं चाक एवढंच करतं की दोन फोन थेट एकमेकांशी जोडून देतं. मध्ये कुणाची कंपनी नाही, कुणाचा सर्व्हर नाही. जोडताना दोन्ही फोन आधी एकमेकांची ओळख पटवतात, मग आपसांत एक किल्ली ठरवतात, आणि तिथून पुढे जाणारा प्रत्येक शब्द कुलूपबंद होऊन जातो. वाटेत कुणी पकडलाच, तर त्याच्या हाती नुसता भुसा.

हे सांगताना माझी छाती फुगते. बायको म्हणते, पोट.

जोडणं सोपं असतं. जोडलेलं सांभाळणं अवघड, हे लग्न झालेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. समोरचा फोन रीतसर निरोप घेऊन गेला तर प्रश्न नाही. पण त्याची बॅटरी संपली, रेंज गेली, की तो काहीच न सांगता नाहीसा होतो. इकडे लाइन उघडीच. अशा मेलेल्या लाइनी साठत जातात, मांडवाबाहेर बेवारस चपला साठतात तशा, आणि मशीन त्यांच्या ओझ्याने धापा टाकायला लागतं. म्हणून नियम करावा लागतो: अमुक वेळ समोरून काही आलं नाही, तर तो गेला असं समजा आणि लाइन तोडा. आता अमुक म्हणजे किती? नेमका इथे चहा वर आला. तीस सेकंद. मला तर ते फार वाटले. मी सलग तीस सेकंद गप्प बसल्याचं आमच्या घरात कुणी पाहिलेलं नाही, झोपेतसुद्धा नाही.

त्यात मी आणखी एक काटकसर करून ठेवली होती. कुणी बोलत नसेल तेव्हा लाइनीवरून काहीच पाठवायचं नाही. बारीकसारीक आवाज गाळून टाकायचे. उगाच डेटा कशाला जाळायचा?

आता सासर. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. तिचं माहेर वडनेर भोलजी, म्हणजे आमच्या जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिथे तिचे वडील एकटे राहतात. मी त्यांना मामाजी म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. बैल विकून टाकले, पण बैलांसाठी दावी वळायची सवय काही सुटली नाही. घरात आता शंभरेक बैल बांधता येतील एवढी दावी आहेत आणि बांधायला एक शेळी आहे. रोज संध्याकाळी दिवा लागला की बाप-लेकीचा फोन लागायचा. वर्षानुवर्षं साध्या फोनवर बिनबोभाट चाललेलं होतं. त्यात मी नाक खुपसलं.

“आपलं घरचं बोलणं मध्येच कुणी ऐकत असेल तर?” मी म्हणालो.

“काय आयकतीन? म्या मेथीची भाजी केली, थे?”

“अगं, तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्व तुमचं असंन, बाप माहा हाय.”

तरी दिवाळीला आम्ही दोघं वडनेरला गेलो तेव्हा मी मामाजींच्या फोनवर माझं चाक बसवलेलं ॲप टाकलंच. ओळख पटवण्यासाठी त्यात दोन्ही फोनवर सारखेच सहा शब्द येतात. ते एकमेकांना वाचून दाखवायचे. मामाजींनी शब्दांकडे बघितलंसुद्धा नाही.

“हे त कोनी बी वाचीन,” ते म्हणाले, आणि परसात उभ्या असलेल्या लेकीला फोनवरून विचारलं, “सांग पोरी, आपल्या ढवळ्याचं कोन्तं शिंग मोडलं व्हतं?”

“डावं. आन् तुमीच मोडलं व्हतं, फाटकात घालून.”

“हाव, पोरगीच हाय.”

माझं चार महिन्यांचं काम त्यांनी एका शिंगात उरकलं.

संक्रांतीला मामाजी दोन दिवस आमच्याकडे आले. बायकोने धीर करून विषय काढला, की शेत कुणाला तरी लावून द्या आणि इथेच राहा. “मी का गठुडं होय,” ते म्हणाले, “का इकडून उचललं आन् तिकडं ठेवलं?” तिळगूळ तोंडात असताना जेवढं गोड बोलता येतं तेवढं दोघं बोलले, आणि मामाजी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघून गेले. नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या त्या तीस सेकंदांची नवी आवृत्ती दोघांच्या फोनमध्ये आपोआप उतरली.

पहिल्याच संध्याकाळी लाइन तीनदा तुटली.

“वडनेरला टॉवरचा प्रॉब्लेम असेल,” मी म्हणालो. आमच्या धंद्याची ही जुनी रीत आहे. दोष आधी दुसऱ्याच्या गावात शोधायचा.

दुसऱ्या दिवशी पाचदा तुटली. मी बायकोला विचारायला हवं होतं, की तुटते तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं. पण त्या वेळेला मी बालाजीच्या देवळाकडे गेलेला असतो. देवाला जातो असं घरी सांगतो. वाटेवरच्या भज्यांच्या गाडीचा उल्लेख करत नाही. तेव्हा न विचारताच मी इलाज केला. लाइन तुटली की ॲपने पुन्हा आपणहून फोन लावायचा. मोठ्या अभिमानाने केला. परिणामी मामाजींचा फोन दर अर्ध्या मिनिटाला वाजायला लागला. त्यांनी दोन संध्याकाळी ते सोसलं आणि तिसऱ्या संध्याकाळी फोन ज्वारीच्या कोठीत टाकून वर झाकण लावलं.

चार दिवस वडनेरहून फोन उचलला गेला नाही. बायकोने शेजारच्या काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, बुवाले काय झालं, मजेत हायेत, वसरीत बसून दावं वळून राह्यले. म्हणजे तब्येत ठणठणीत. म्हणजे रागच.

“बाबाले माहा राग आला,” बायको म्हणाली. “म्या शेताचं काढाले नव्हतं पाह्यजे. माह्याशी बोलनं बंद करून टाकलं त्यायनं.”

“अगं, टॉवर...”

“टॉवर जाऊ द्या चुलीत. फोनावर साफ लिहून येते, समोरच्याने फोन ठेवला. रोज ठेवला त्यायनं.”

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं, कारण ते मीच लिहिलेलं होतं. लाइन कुठल्याही कारणाने तुटली तरी तेच दिसायचं. वेगवेगळ्या कारणांची वेगवेगळी वाक्यं लिहायचा मला कंटाळा आला होता. तेव्हाच बोललो असतो तर बरं झालं असतं. पण एका चुकीमागे दुसरी असेल अशी शंका आली, की मी आधी जेवून घेतो. त्या आठवड्यात तिसरीच्या पोरांच्या वह्यांवर लाल शाई फार पडली.

रविवारी बायकोने पिशवी भरली. “मी चालली वडनेरले. तुमाले याचं असंन त या.” चिखलीला गाडी बदलली, खामगावला बदलली. सगळ्या वाटेत ती एकदाच बोलली, आणि तेही “सरका” एवढंच.

मामाजी वसरीतच होते. “या जवाईबापू,” मला म्हणाले. लेकीला काही म्हणाले नाहीत. हातातल्या दाव्याचं एक टोक पायाने तिच्याकडे सरकवलं. दावं वळायला दुसरं टोक कुणीतरी धरून बसावं लागतं. कुणी नसलं की ते टोक बाजेच्या पायाला बांधतात. ती पिशवीसकट खाली बसली आणि टोक धरलं. त्यांनी पीळ द्यायला सुरुवात केली.

आणि मग कुणी काही बोलेचना.

मला वाटलं, आता भांडतील. मग वाटलं, आता रडतील. मी पाणी प्यालो, शेळीकडे पाहिलं, खोकलो. ती दोघं आपली पीळ देताहेत आणि टोक धरताहेत. मला ती शांतता सोसेना, म्हणून मी घड्याळ बघत बसलो. दहा. वीस. तीसवर काटा आला आणि माझ्या डोक्यात ॲपचा लाइन तुटल्याचा ‘टुक’ वाजला. मी पुन्हा मोजले. तीस. टुक. पुन्हा. वसरीत बसल्याबसल्या मी त्या बाप-लेकीला नऊ वेळा तोडलं, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

“बसता येते ना माह्यापाशी?” मामाजी एकाएकी म्हणाले. “मंग फोनावरून उठून काऊन जाते? येतो बी म्हनत नाई. शेताचं मानलं नाई, म्हनून का?”

“मी कुठं गेली? तुमीच ठेवता फोन. लिहून येते ना, समोरच्याने फोन ठेवला.”

“माह्या फोनावर बी तेच येते.”

दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. शेळीनेही पाहिलं असं माझं मत आहे.

मग मी सांगितलं. चहाचं सांगितलं, तीसचं सांगितलं, वाक्य एकच का लिहिलं तेही सांगितलं. फोन कुणीच ठेवत नव्हतं. तुम्ही गप्प बसलात की माझ्या मशीनला वाटायचं, माणूस गेला.

“पण रोज फोन लावून तुम्ही बोलत नाही, तर करता काय?” मी विचारलं. एवढ्या वर्षांत हे मी पहिल्यांदा विचारत होतो.

“मी वह्या तपासते,” बायको म्हणाली. “बाबा दावं वळते. काही सुचलं त बोलतो.”

“आंधी तिचं पान पलटल्याचं आयकू ये,” मामाजी म्हणाले. “तुमी फोनात काय टाकून देल्लं तवापासून थे बी गेलं.”

माझी काटकसर. बारीकसारीक आवाज.

मामाजींनी पिळाला गाठ मारली आणि माझी शाळा घेतली. “मानूस गप हाय का गेला, हे तुमच्या मशीनीले समजत नाई?”

“नाही ना मामाजी. तीच तर अडचण आहे.”

“मंग हुंकार काऊन नाई घेत? आमी पोरायले गोठ सांगो, तं पोरायनं मधामधात ‘हुं’ म्हनाव. एकदा नाई म्हनलं त थांबाव, दोनदा नाई त हाक माराव, तीनदा नाई म्हनलं त समजाव का पोट्टं झोपलं. मंग गोठ बंद. गप हाय म्हनून कोनी पयल्याच झटक्यात उठून जाते काय?”

खरं सांगायचं तर यात आमच्या धंद्याला नवं काही नाही. बोलणं नसतानाही दोन्ही टोकांनी अधूनमधून एक छोटासा, कुलूपबंद, बिनअर्थाचा निरोप पाठवत राहायचा, म्हणजे लाइन जिवंत आहे हे कळतं. कालपरवा लागलेल्या पोरांनाही हे ठाऊक असतं. मलाही होतं. ‘नंतर करू’ या यादीत मी ते स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं, वजन कमी करण्याच्या खाली. त्याहून वाईट म्हणजे माझं चाक वापरणाऱ्या एका परक्या माणसाने आठवड्याभरापूर्वी हीच तक्रार लिहून पाठवली होती, की आमची यंत्रं थोडा वेळ गप्प राहिली की तुटतात. मी त्याला उत्तर दिलं होतं: हे असंच अपेक्षित आहे.

त्याच संध्याकाळी कोठीतून फोन बाहेर काढला. त्याच्या भोकांतून ज्वारीचे दाणे टाचणीने काढता काढता मामाजी लेकीला म्हणाले, “शेताचं नाईच म्हनलं मी. पन तुह्यावर राग नाई, माय.” ती म्हणाली, “मले बी नाई. पन पुढच्या संक्रांतीले इचारीनच.” “इचार.” झालं. अकरा दिवसांचा अबोला दोन ओळींत मिटला, आणि त्यातली एकही ओळ माझ्या वाट्याला आली नाही.

घरी येऊन मी हुंकार लिहिला. दर दहा सेकंदांनी एक. तीन हुंकार सलग चुकले तरच लाइन तोडायची. कोडमध्ये त्याचं नावही हुंकारच ठेवलं आहे, आणि परदेशात बसलेली माणसं ते आता रोज टाइप करतात. त्या परक्या माणसाची माफी मागितली. ‘समोरच्याने फोन ठेवला’ हे वाक्य आता कुणीतरी खरोखर ठेवला तरच दिसतं. एरवी ‘लाइन तुटली, फोन कुणी ठेवला नाही’ असं लिहून येतं. बारीक आवाज गाळणंही बंद केलं.

पहिल्या संध्याकाळी मी देवाला गेलो नाही. भजीही नाहीत. बायको वह्यांचा गठ्ठा घेऊन बसली, फोन भिंतीला टेकवून ठेवला. वडनेरहून पीळ देतानाची घासघास यायची, इकडून पान पलटायचं. पाच मिनिटं झाली. बारा झाली. लाइन टिकली. तेराव्या मिनिटाला मला राहवलं नाही. खुर्ची ओढत मी तिच्या आणि फोनच्या मध्ये डोकं घातलं आणि विचारलं, “काय मामाजी, चाललंय ना नीट? हुंकार येतोय ना?”

पलीकडची घासघास थांबली. बायकोने लाल पेनाला टोपण लावलं.

“मधात कोनी नसते म्हनून तुमीच सांगत व्हते ना?” ती म्हणाली. “मंग सरका.”