बुरुजावरची पिवळी क्रेन

बंदराच्या टेहळणी बुरुजावर ज्या माणसाने सव्वीस वर्षं लोकांना समुद्र दाखवला, त्याला सगळे दुर्बीण म्हणत. तरुणपणी क्षितिजावर नुसता ठिपका दिसला, तरी बोट कुठल्या कंपनीची ते तो सांगायचा, आणि धक्क्यावरचे हमाल त्याच्याशी लावलेल्या पैजा हमखास हरायचे.

आता मात्र दुर्बीणला समोरच्या माणसाचं तोंडही धड दिसत नव्हतं. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बायकोलाही त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ऑफिसात कळलं, तर दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागणार होतं. बुरुज सोडून त्याला दुसरं येत तरी काय होतं? एकशे बारा पायऱ्या त्याच्या पायांना पाठ होत्या. वर गेलं की दगडी कठड्यावर हात ठेवायचा आणि बोट दाखवत सुटायचं. डावीकडे दीपगृह, मधे बेट, उजवीकडे उंच पिवळी क्रेन. लोक माना डोलवायचे.

एकच काटा सलत होता, तो म्हणजे तिकिटाच्या खिडकीवरची बाई. ती वर्षभरापूर्वी आली, आणि गेल्या पावसाळ्यापासून रोज सकाळी याला गाठून सुरू व्हायची. "काका, आज धक्क्याला दोन बोटी आहेत बरं का. एक लाल, एक पांढरी. लाल मोठी आहे." दुसऱ्या दिवशी, "काका, दीपगृहाला निळे पट्टे मारलेत, बघितलेत का?"

दिवसभर वर उभं राहणाऱ्या माणसाला खाली बसलेली बाई बंदराची खबर कशाला देते? दुर्बीणच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नक्की पाणी कुठेतरी मुरत होतं. बाई त्याला जोखत होती. एकदा तो पायरीकडे वळला, तर तिने पायरीवरची बादली झटकन उचलली. आधी तिनेच ठेवली असणार, मी अडखळतो का ते बघायला! शिवाय तिचा भाऊ बेकार होता म्हणे. झालं, दुर्बीणचा हिशेब पक्का झाला. हिला आपली जागा भावासाठी हवी. तो नुसतं "हं" म्हणून वर जायचा. वर गेल्यावर लाल बोट त्याच्या तोंडी आपसूक यायची. ती कुठून आली, याचा विचार त्याने कधी केला नाही.

शेवटी त्याने आधीच वार करायचं ठरवलं. ऑफिसला निनावी पत्र टाकलं, की तिकीटवाली बाई कामाच्या वेळात गप्पा मारते. पत्र टाकून आला, तेव्हा त्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

पुढच्या मंगळवारी खिडकीवर भलताच कोणीतरी होता. त्याने मान वर केली नाही की चकार शब्द काढला नाही. दुर्बीण खुशीत वर चढला, कठड्यावर हात ठेवला आणि आलेल्या कुटुंबाला ऐटीत म्हणाला, "ती पाहा पिवळी क्रेन. तिच्याएवढं उंच या बंदरात काही नाही."

एका लहान मुलीचा आवाज आला. "आई, तिथे तर काहीच नाहीये."

"काका गंमत करतायत," आई घाईघाईने म्हणाली. उरलेल्या दिवसात दुर्बीणने कठड्यावरचा हात उचलून एकदाही बोट दाखवलं नाही. नजर गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत अशी चूक एकदाही कशी झाली नाही, हे त्याला तेव्हा कळलं, आणि त्याला स्वतःची शरम वाटली.

बुधवारी खिडकीतून ओळखीचा आवाज आला. "काका, क्रेन काढली हो सोमवारी संध्याकाळी. काल मी असते तर सांगितलं असतं."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" त्याने विचारलं.

"खुंटीवरच्या माझ्या रेनकोटला तुम्ही 'या, या, सांभाळून चढा' म्हणालात ना, तेव्हापासून."

एरवी तो हसला असता. "काल कुठे होतात?"

"ऑफिसात. कोणीतरी तक्रार केलीय, मी गप्पा मारते म्हणून. येत्या सोमवारपासून माझी गोदामावर बदली. साहेबांनी पत्र दाखवलं. ओळी एकमेकींवर चढलेल्या, अर्धी अक्षरं कागदाच्या बाहेर. अक्षर ओळखता का, म्हणाले. मी नाही म्हटलं."

दुर्बीणने खिडकीची फळी चाचपली. वर जायची वेळ झाली होती, लोक येऊन थांबले होते. त्याने खिशातून बुरुजाची किल्ली काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

"पोरी, ऑफिसकडे जाणारी बस आली की सांग," तो म्हणाला. "मला पाटी वाचता येत नाही."