लोडरचा टेकू

माझ्या बायकोचा समज आहे की तिच्यापासून माझं काही लपत नाही. एवढी एक गोष्ट लपली — तिच्यापासून, सगळ्यांपासूनच. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका, इतकंच.

सांवेर रोडवर तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. आमच्याकडे बॉयलरला कोळसा भरायला एक छोटा लोडर आला आणि त्याची देखरेख माझ्या गळ्यात पडली. मी कडक माणूस. इंजिन थंड झाल्याशिवाय डिझेल भरायचं नाही, बिडी फाटकाबाहेर, आणि लोडरचे हात वर उचलून खाली काम करायचं तर आधी लोखंडी टेकू लावायचा — हे मी सगळ्यांकडून पोपटासारखं घोकून घेतलं होतं. सुधाकर फिटर माझा सगळ्यात चांगला चेला. मल्हारगंजात आमच्याच गल्लीत राहायचा, मला भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचा.

आता गणपतीचं सांगतो. गल्लीच्या उत्सवाचा मी पुढारी. दोर, बल्ब, ताडपत्री — सगळं कारखान्यातून यायचं. देवाच्या कामाला चोरी कसली? त्या वर्षी स्टेजची एक बाजू खचत होती. विटा लावून झाल्या, बांबू लावून झाले, जमेना. मी म्हटलं, थांबा, माझ्याकडे इलाज आहे. लोडरचा टेकू स्कूटरला बांधून आणला. माप अगदी बरोबर बसलं — काय वाहवा झाली माझी! कारखान्यात मात्र कुणाला बोललो नाही. कशाला बोलायचं? विसर्जन झालं की परत ठेवणारच होतो ना?

दुसऱ्याच दिवशी लोडरचे हात उचलून धरणारी तेलाची नळी गळायला लागली. मी ऑफिसात होतो. सुधाकरनं टेकू शोधला, सापडला नाही, बॉयलरवाले घाई करत होते — त्यानं लाकडाचा ओंडका लावला आणि खाली हात घातला. नळी सोडवली तसा सगळा भार ओंडक्यावर आला. ओंडका सटकला आणि सुधाकरचा हात खाली सापडला.

त्याला दवाखान्यात नेलं ते दुसऱ्यांनी. मी — मी स्कूटर काढली आणि गल्ली गाठली. स्टेजखाली कशाबशा विटा रचल्या, टेकू काढला, आणून लोडरमागे भिंतीला लावून ठेवला. साहेब चौकशीला आले तेव्हा तो तिथं होता. "टेकू असून लावला नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "रोज सांगतो, साहेब."

सुधाकरचा उजवा हात मनगटापासून गेला. मी भेटायला गेलो तर म्हणाला, "तिथेच होता म्हणतात, भिया. शायद मीच नीट नाही बघितला." मी काय म्हणालो असेन? म्हणालो, होतं असं कधीकधी. याला काय म्हणायचं? मला एकच शब्द सुचतो — नीचपणा.

पुढे त्याला फाटकावर बसवलं. नवा माणूस आला की तो हात दाखवून सांगायचा, "देख लो भिया, माझ्यासारखा आळस नको." मी शेजारून जायचो. रोज.

काही वर्षांनी तो तापानं गेला. तेराव्याला त्याची बायको मला वाढताना म्हणाली, "भाऊजी, हे शेवटपर्यंत म्हणायचे — भियांनी एवढं शिकवलं, मीच ऐकलं नाही."

तेव्हा सांगता आलं असतं. ती समोरच उभी होती. मी जेवण संपवलं, हात धुतले आणि घरी आलो.