न थांबता पोचणारी गाडी

इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं मी ठरवलं, तेव्हा सल्ला न दिलेला माणूस माझ्या ओळखीत उरला नाही. एक मैत्रीण सोडली, तर त्यांतल्या कोणीही तशी गाडी कधी चालवलेली नव्हती. "जंगलात बंद पडली तर?" हा सगळ्यांचा प्रश्न. माझी डिझेल गाडी चंद्रपूरजवळ, मूल गावाच्या जंगलात दोनदा बंद पडली होती, तेव्हा मात्र कोणी काही विचारलं नव्हतं.

मी चंद्रपूरला राहते आणि घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. चुनखडी असो, कोळसा असो, आत आलेल्या मालाचा नमुना आधी आमच्या टेबलावर येतो. माल पाठवणाऱ्याचं प्रमाणपत्र सोबत असतंच. ते आम्ही फाइलला लावतो आणि नमुना स्वतः तपासतो. इतकी वर्षं हे केल्यावर दुसऱ्याच्या कागदावर विसंबायची सवय राहत नाही. गाडीही तशीच तपासून घ्यायची होती.

गाडी हवी होती ती मुख्यतः आईला बोधगयेला न्यायला. आई कुरखेड्याला धाकट्या भावाकडे असते. तिथल्या विहारातल्या बायांची बस बोधगयेला दोनदा जाऊन आली आणि दोन्ही वेळा आई गेली नाही. एकदा गुडघ्याचं कारण सांगितलं, एकदा धानाच्या चुरण्याचं, म्हणजे मळणीचं. पण परत आलेल्या बायांकडून ती तासन्‌तास ऐकत बसायची. म्हटलं, पावसाळा संपला की मीच नेते. मला गाडी चालवायला आवडतं आणि रजाही शिल्लक होती.

भावाला फोनवर सांगितलं तर तो उखडला. मोठ्या बहिणीला तो बाईच म्हणतो.

"बाई, मी साफ सांगून राह्यलो. आईले न्याचं असन तर मी डिझेलची गाडी देतो, डायवर देतो. त्या बॅटरीच्या खेळण्यात मी तिले बसू देत नाई."

"डायवर कायले पायजे? मले येते चालवता."

"मंग चंद्रपूरहून कुरखेड्याले आणून दाखव. मधात कुठी न थांबता. पोचली तर ने आईले बोधगयेले. नाई पोचली तर विषय बंद."

मी लगेच हो म्हटलं. अट कशी आहे हे जरा तपासून पाहायला हवं होतं. ते केलं नाही.

दोन गाड्या मनात होत्या. दोन्ही उंच, पाच माणसांच्या. पांढरी मोठ्या बॅटरीची. एका चार्जिंगमध्ये लांब जाणारी. काचेचं छप्पर, पुढे टीव्हीएवढा पडदा. निळी जुन्या घडणीची, बॅटरी लहान. पांढरीच्या शोरूममधल्या माणसाने आधी विचारलं, "मॅडम, सर कधी येतील?"

"सरांना गाडी चालवता येत नाही," मी म्हटलं. खरंच येत नाही.

मग तो पडद्यावरची गाणी दाखवायला लागला. एप्रिलच्या उन्हात, एसी लावून, माणसं भरून ही किती जाते, असं विचारलं तर म्हणाला, ते कंडिशनवर असतं. म्हटलं, तेच मला बघायचंय. रविवारी गाडी द्या, कुरखेड्याला जाऊन येते. त्यांची चाचणी म्हणजे वरोरा नाक्यापर्यंत जाऊन परत यायचं. बरीच घासाघीस झाली. शेवटी माझी जुनी गाडी त्यांनी दारात ठेवून घेतली आणि मगच पांढरी दिली.

आई तेव्हा माझ्याकडेच होती, डोळे दाखवायला आली होती. तिला परत पोचवायचं आणि गाडी तपासायची, दोन्ही कामं एका फेरीत. सकाळी आठला निघालो. गाडी चांगली पळाली, हे मान्य करते. आवाज इतका कमी, की सिंदेवाहीच्या पुढे रस्त्यात बसलेल्या गाई हलेनात. इंजिन ऐकून उठायची त्यांना सवय, हॉर्नला त्या दाद देत नाहीत. मोहफुलं वेचणाऱ्या बायासुद्धा गाडी जवळ आल्यावर दचकल्या. आई मागे गप्प बसून होती. मी अधूनमधून वहीत टिपायला आकडे ध्यानात ठेवत होते. नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा. कुठेही न थांबता सव्वाअकराच्या आत भावाच्या दारात. बॅटरी निम्म्याहून जास्त शिल्लक.

भाऊ अंगणातच उभा होता. मी उतरले, मागचं दार उघडलं. आईने एक पाय खाली टेकवला आणि ती तशीच दाराला धरून खाली बसली. डोळे पांढरे. ओठ कोरडे.

भाऊ आणि मी तिला उचलून आत नेलं, पंख्याखाली झोपवलं. ती सावरून बोलायला लागली, तेव्हा भाऊ म्हणाला, "पायलं? गाडी पोचली. आई नाई पोचली."

या गाड्यांत ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आपोआप ब्रेक लागल्यासारखं होतं, त्याने काहींना मळमळतं, हे मी वाचलं होतं. काचेच्या छपरातून ऊनही लागलं असेल. वहीत दोन्ही लिहिलं आणि परतीसाठी थोडी चार्ज करावी म्हणून गाडीची वायर घरातल्या मोठ्या प्लगला लावली. चार्जरवर लाल दिवा. पुन्हा लावली, पुन्हा लाल.

"झालं?" भाऊ ओट्यावरून म्हणाला. "आता बैल जुंपू का?"

लाल दिव्याचा अर्थ मला माहीत होता. घराच्या अर्थिंगला दम नव्हता, म्हणून चार्जर वीज घेत नव्हता. आमच्याकडे अर्थिंगची सळई घराच्या मागे खड्ड्यात पुरलेली असते आणि उन्हाळ्यात माती वाळली की ती नावापुरती उरते. कारखान्यात दर उन्हाळ्यात त्या खड्ड्यांत मिठाचं पाणी ओततात. मी वहिनीकडे बादली आणि जाडं मीठ मागितलं, मागे गेले, खड्डा साफ केला आणि ओतायला लागले. वहिनी म्हणत असले तरी भावाची ही बायको माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. फारसं बोलत नाही. तिसऱ्या बादलीला म्हणाली,

"बाई, गाडीले पाणी पाजून राह्यल्या तुम्ही. आईनं काल सांजपासून घोट नाई घेतला."

"तुले कसं माहीत? ती तर माह्याकडं होती."

"गाडीत बसाचं असलं का आदल्या सांजपासून त्यायचं पाणी बंद. मी बी तसंच करतो. तुम्ही नाई करत?"

मी बादली खाली ठेवली. मीसुद्धा सकाळपासून अर्धा कप चहाच प्यायले होते. घुग्घुसच्या शिफ्टच्या बसमध्ये पहिल्या वर्षी जी सवय लागली, ती कधी सुटलीच नाही. ती सवय आहे हेसुद्धा विसरले होते. पायाखालचं पाणी जिरलं, आत जाऊन पाहिलं तर चार्जरचा दिवा हिरवा झाला होता. त्याचा आनंद काही झाला नाही.

आईला विचारलं. आधी म्हणाली, "तू गाडी पाय, मले नको पाऊ." मग भाऊ बाहेर गेल्यावर बोलली. "माणसं कुठीबी उभे राह्यतात. आपण कुठी जाव? बसवाला एका जागी थांबला का साऱ्या बाया उतरतेत, आन् तिथी आडोसा नसते. मले आता घडीघडी लागते. चाळीस जणीयची बस माह्यासाठी कितीकदा थांबन?"

बोधगयेच्या दोन्ही बस तिने यासाठी सोडल्या होत्या. गुडघा बरा होता, धानही चुरून झालं होतं.

मला राग आला तो स्वतःचा. नमुनाच खोटा होता. ज्या बाईला न्यायचं, तिला उपाशी-तहानलेली ठेवून मी गाडी तपासली आणि वहीत 'थांबे : शून्य' असं लिहून खूश झाले. प्रयोगशाळेत कोणी असा नमुना आणला असता, तर मी परत पाठवला असता. त्या पानावर काट मारली. भावाला सांगितलं, तुझी अट मोडीत. पुन्हा फेरी करीन, या वेळी माझ्या अटीवर, आणि तू गाडीत बसशील.

निळी गाडी आमच्या प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीची. पंधरा दिवसांनी मागितली, तर चावी देताना तिने एवढंच सांगितलं, "मागे खरी स्टेपनी आहे. पंक्चरचा फेस नाही." पांढरीत स्टेपनी नव्हती; जागा वाचवली म्हणे. आमच्या रस्त्यांवर टायर कडेने फाटतो, तो फेसाने बुजत नाही.

शनिवारी कुरखेड्याला गेले, रात्रभर गाडी चार्ज केली. रविवारी सकाळी निघताना तिघांच्या हातात मोठे ग्लास दिले, चौथा मी घेतला आणि ते रिकामे होईपर्यंत उभी राहिले. आईने माझ्याकडे बघत बघत संपवला. वहिनी हसत होती. भावाने दोन ग्लास घेतले, मला दाखवायला. मग तो पुढे बसला, घड्याळाकडे बघत.

ब्रह्मपुरीला पहिला थांबा. तिथे एका हॉटेलच्या आवारात चार्जर आहे आणि हॉटेलात बायांसाठी वेगळा, आतून कडी लागणारा, पाणी असलेला संडास आहे. मी आधी फोन करून विचारून घेतलं होतं. निळीची सीट उंच. आई हात न धरता उतरली. पांढरीत बॅटरीमुळे मागची जमीन वर आलेली, गुडघे छातीशी, हेही मला तेव्हाच कळलं. आम्ही तिघी आत जाऊन आलो, चहा घेतला, आईने पोहे खाल्ले. भाऊ गाडीतून उतरला नाही.

"पंचवीस मिनिटं," आम्ही परत आल्यावर तो म्हणाला.

"गाडीले बी तेवढेच लागले," मी म्हटलं.

दुसरा थांबा सिंदेवाहीच्या अलीकडे, पेट्रोल पंपावर. संडासाला कुलूप. पंपावरचा माणूस म्हणाला, चावी मालकाकडे असते. म्हटलं, मालकाला फोन लावा. म्हणाला, ते झोपले असतील. म्हटलं, दहा वाजलेत, उठवा. नाहीतर मी इथेच खुर्ची टाकून बसते. चावी त्याच्याच खिशात निघाली. भाऊ गाडीत मान खाली घालून बसला होता. "बाई, काऊन तमाशा करतं?" एवढं म्हणाला, उतरला मात्र नाही.

मूल सोडलं, जंगल लागलं. थोड्या वेळाने भाऊ सीटवर चुळबुळायला लागला. एसी बंद केला, पुन्हा लावला.

"बाई, जरा बाजूले घे."

"काऊन?"

"घे म्हणतो ना."

मी समोर बोट दाखवलं. वनखात्याची पाटी होती, वाघाचं चित्र असलेली. इथे वाहन थांबवू नये.

"ते काय, सारेच थांबतात."

"मी नाई थांबवत. जंगल संपू दे."

मागून आईचा आवाज आला, अगदी शांत. "दम धर रे जरा. आमी जलमभर धरला."

वहिनी खिडकीकडे तोंड करून हसली. पुढची पंधरा-वीस मिनिटं मी वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. जंगल संपल्यावर पहिल्या धाब्याशी गाडी घेतली, तर ती पुरती थांबायच्या आधी त्याने दार उघडलं होतं.

पांढरीपेक्षा एक तास दहा मिनिटं जास्त लागली. चंद्रपूरला आई स्वतःच्या पायांनी जिना चढली आणि वर येऊन पुन्हा पाणी प्यायली. वहीत मी थांब्यांची नावं लिहिली, कुठे कडी आहे, कुठे पाणी नाही, कुठे चावी मागावी लागते. बोधगयेच्या वाटेवरचे थांबे मी याच हिशेबाने शोधते आहे. फोन केला की आधी चार्जरचं विचारते आणि मग दुसरं. दुसऱ्या प्रश्नाला बरेच जण गडबडतात. गडबडू देत.

निळीच घ्यायची ठरवली. पांढरीच्या शोरूममधल्या माणसाला सांगितलं, तर त्याला पटेना. "मॅडम, आमची रेंज किती जास्त आहे."

"आईची दोन तास आहे," म्हटलं. "त्यापेक्षा जास्तीचं मी काय करू?"

आम्ही चंद्रपूरला पोचलो त्या रविवारी संध्याकाळी, जेवताना भावाने विचारलं होतं, "असं थांबत थांबत बोधगयेले किती दिवस लागन?"

"जायाले चार."

"मी एका दमात दोन दिवसांत नेलं असतं."

"तिथी पोचून तिनं चक्कर खाल्ली असती. मी चार दिवसच घेणार आहे. तुले पसंत नसन तर नको येऊ."

वहिनीने भाताचं भांडं खाली ठेवलं आणि मला विचारलं, "मांगची सीट रिकामीच हाय ना, बाई?"

"हाय."

"मंग मी बी येतो."

भावाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आईकडे. "आन् माह्या जेवनाचं?"

आई भात कालवत होती. तिने मान वर केली नाही. "थांबत थांबत शिकजो," म्हणाली.