करवंट्यांतला राजमहाल

लग्नानंतर आम्ही सालवडला एक खोली घेतली. ती बघायला सासऱ्यांनी एडवणहून सासूबाईंना धाडलं. त्यांना पसंत पडली नाही, तर आम्हाला गावी परतावं लागणार होतं. आणि भिंतींचे तर पोपडे निघालेले! मी संध्याकाळी बल्बच काढून ठेवला आणि करवंट्यांत मेणबत्त्या लावून खोली सजवली. काय राजमहाल दिसत होता म्हणून सांगू!

सासूबाईंनी एक करवंटी उचलली आणि थेट भिंतीपाशी नेली.

"पोपडे झाकतेस काय गं पोरी?"

मी बल्ब परत लावायला उठले, तर त्यांनी मला अडवलं.

"मी पहाटे अंधारातच निघते. उजेडात बघितलं, तर तुझ्या सासऱ्याला खोटं सांगवणार नाय. आता सांगते, खोली झकास हाय!"

आमचा संसार सालवडला थाटला, तो त्या माउलीच्या कृपेनं.